केटलीला नऊ मिनिटं

३ मार्च

हे ओरडले! माझ्यावर! इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या तंबूतलं कुत्रं उठून उभं राहिलं.

झालं असं – दुपारी कॅम्पवर पोचलो. इथे प्रत्येक गाडीच्या जागेला एक बुटका खांब असतो, झाकणाखाली विजेचं सॉकेट. गाय बांधावी तशी घरगाडी (चाकांवरचं घरच ते) त्याला केबलनं बांधायची. ह्यांनी बांधली. मी बादली भरून आणली आणि वर चढायला दाराची मूठ धरली, तर बोटांना चुणचुण. म्हटलं, "अहो, दार चावतंय."

"सोड ते! हात लावू नकोस गाडीला! लांब हो आधी!"

मी बादली टाकून लांब झाले. ह्यांनी धावत जाऊन – धावत! – प्लग उपटला. मग खिशातून टेस्टर निघाला. गेले आठ महिने तो त्या खिशात होता हे मला आत्ता कळलं. खांबाला अर्थिंगच नव्हतं. पहारेकऱ्याला बोलावून अर्थिंग म्हणजे काय, ते नसलं तर माझी बायको कशी मेली असती, हे पंधरा मिनिटं समजावलं. पहारेकरी बिचारा दर दोन वाक्यांनी माझ्याकडे बघत होता, मी अजून आहे ना म्हणून. शेवटी आम्हाला शेजारची जागा मिळाली.

मला रडू येत होतं. ह्यांना वाटलं मी घाबरले. घाबरले कुठली! आठ महिन्यांत पहिल्यांदा ह्यांनी मला "हं" सोडून काही म्हटलं होतं.

चुणचुण मात्र माझ्या हिशेबात नव्हती. इथून पुढे चपला घालूनच उतरायचं.

४ मार्च

आज "हं" – सहा. पूर्ण वाक्यं – अकरा. मोजली.

५ मार्च

ही वही कशासाठी ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढे मलाच आठवेल.

हे वीज कार्यालयात चौतीस वर्षं होते. आधी खांबावर, नंतर तक्रार खिडकीत. घरी आले तरी खिडकी बंद व्हायची नाही. गल्लीतल्या प्रत्येकाचा फ्यूज ह्यांना तोंडपाठ. मग आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. पहिला आठवडा झोपले, दुसऱ्या आठवड्यात खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि तिथेच राहिले. चहा दिला – हं. जेवायला चला – हं. पंखा बंद पडला तेव्हाही – हं! तो पंखा मी दुकानात नेऊन दुरुस्त केला. ह्यांच्या डोळ्यांदेखत!

लेकीनं ह्यांच्यासाठी चोवीस तारखेची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. "आई, हे अंगावर काढू नकोस." तिचं चूक नाही. मी म्हटलं, आधी मला तीन आठवडे दे. माझ्या भावाकडे ही घरगाडी नुसती उभी असते. त्यानं किल्ली दिली आणि म्हणाला, "भावोजी चालवतील ना पण?" चालवतात. गाडी हे चालवतात, जागा मी निवडते, असा करार झाला. (म्हणजे मी बोलले आणि हे "हं" म्हणाले.)

पाच कॅम्पची यादी माझ्या पर्समध्ये आहे, औषधांच्या डबीखाली. कशी केली ते मी इथेही लिहिणार नाही. चष्मा हरवला की हे घरातलं काहीही उघडतात.

६ मार्च

एकशे शहाण्णव! सकाळी उठल्या उठल्या हाच शब्द कानावर. ह्यांनी गाडीतल्या सॉकेटला व्होल्ट दाखवणारी छोटी पेटी लावली आहे. हवेत दोनशे तीस, मिळतात एकशे शहाण्णव.

मला वाटायचं व्होल्टेज कमी झालं की दिवे मंद होतात. गाडीत तसं कळत नाही म्हणे, दिवे बॅटरीवर असतात. कळतं ते फ्रिजला आणि केटलीला. फ्रिज कण्हतो, चालू व्हायचा प्रयत्न करतो, पुन्हा गप्प. हे त्याच्या दाराला कान लावून बसले होते, नातवंडाची छाती ऐकावी तसे. मग मला हुकूम – केटली चालू असेल तेव्हा हीटर लावायचा नाही, हीटर असेल तेव्हा केटली नाही, फ्रिजला मध्ये श्वास घेऊ द्यायचा.

मी म्हटलं, "एवढं सांभाळून घरी कधी वागला नाहीत माझ्याशी."

हसले. खरंच हसले. आवाज येईल असे.

९ मार्च

दुसऱ्या कॅम्पवर. तळं आहे, झाडं आहेत, मागच्या रांगेत आठ गाड्या आणि आम्ही नववे. शेजारी एक सलूनवाला आणि त्याची बायको. महिनाभर दुकान बंद ठेवून निघालेत. तिनं मला आल्या आल्या उकडलेली अंडी दिली आणि स्वतःच्या नवऱ्याबद्दल सगळं सांगितलं. माझी खात्री आहे, आमचं जमणार.

हे केबल जोडायला गेले. केबलबद्दल लिहायला हवं. भावानं गाडीसोबत एक जाडजूड, आखूड केबल दिली आहे. ह्यांनी ती बघून नाक मुरडलं – "तुझ्या भावाची खेळणी." ती पडली आहे मागच्या कप्प्यात. आम्ही वापरतो ती ह्यांची. निरोप समारंभात कार्यालयानं घड्याळ देऊ केलं, तर ह्यांनी तक्रार गाडीतला जुना केबलचा ड्रम मागून घेतला होता. पन्नास मीटर. ड्रमवर सगळ्यांनी पेनानं सह्या केल्या आहेत. शिपायानं "साहेब, येत जा" असं लिहिलं आहे. खांब चार पावलांवर असतो. चार पावलं केबल उलगडायची, बाकी सगळी ड्रमवर गुंडाळलेली. आणि तो ड्रम दाराशी मानानं ठेवायचा.

१० मार्च

हसून हसून पुरेवाट! क्रमानं लिहिते.

संध्याकाळी सलूनवाला म्हणाला, "काका, मानेवर वाढलेत, बसा." आमच्या गाडीच्या बाहेरच्या सॉकेटला त्यानं मशीन लावलं. हे टॉवेल गुंडाळून खुर्चीत. सव्वासात वाजले होते. मी सगळ्यांसाठी चहाची केटली लावली, आत हीटर चालू होता हे विसरून. मशीन घरघर, घूं... घू... आणि बसलं. डावी बाजू कापून झालेली, उजवी तशीच.

हे त्याच अवस्थेत पेटीकडे धावले. एकशे चौऱ्याहत्तर! मी घड्याळ लावलं होतं. केटलीला नऊ मिनिटं लागली. घरी पाच लागतात.

आणि मग हे – अर्धं डोकं, गळ्यात टॉवेल, खांद्यांवर केस – तरातरा ऑफिसकडे. मागे मी, माझ्यामागे सलूनवाला कात्री घेऊन, "काका, निदान कात्रीनं तरी..." मॅनेजरबाई गळ्यात किल्ल्यांचा जुडगा घालून बसल्या होत्या. हे तावातावानं बोलत राहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या:

"आमच्याकडून व्होल्टेज बरोबर आहे. तुमच्या गाडीतलं वायरिंग तपासून घ्या."

अगं बाई! हे वाक्य ह्यांचं आहे. चौतीस वर्षं, दिवसाला वीस वेळा, खिडकीतून लोकांच्या तोंडावर मारलेलं. जेवता जेवता फोनवर मी ऐकलेलं. झोपेतसुद्धा एकदा म्हणाले होते. मला हसू आवरेना, मी बाहेर जाऊन झाडाला धरून उभी राहिले.

परत आल्यावर ह्यांनी कागद मागितला. तक्रार क्रमांक एक. आणि जाहीर केलं – व्होल्टेज सुधारेपर्यंत उरलेलं अर्धं डोकं तसंच राहील.

"हं" आज शून्य.

११ मार्च

लेकीचा व्हिडिओ फोन. मी कॅमेरा ह्यांच्या डाव्या बाजूनं धरला होता, पण हे वळले.

"आई! बाबांच्या डोक्याला काय झालंय?"

हे तिला पुरवठा, भार आणि सव्वासातची वेळ समजावत बसले. डोळ्यांत चमक, अर्धे केस उभे. फोन माझ्याकडे आला तेव्हा लेक हळूच म्हणाली, "मी चोवीसची वेळ अजून अलीकडे मिळते का बघते."

१२ मार्च

माझी जीभ! कुणीतरी टाके घाला तिला.

दिवसभर हे रांगेतल्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन सह्या गोळा करत होते. सगळे ह्यांना "वीजकाका" म्हणायला लागले. सलूनवाल्याची बायको माझ्यासोबत बसली होती. म्हणाली, "आमच्या केटलीला सात मिनिटं लागतात संध्याकाळी, वैताग येतो." मी म्हटलं, आमचीला नऊ. केटली दोघींची सारखीच, एकाच जातीची. खांबही शेजारी शेजारी.

आणि हे आल्यावर मी शहाणी सांगायला गेले – "अहो, त्यांच्याकडे सात आणि आपल्याकडे नऊ. वरची दोन मिनिटं कुठून आली?"

हे उभेच राहिले. मग खाली वाकून ड्रमवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मीही हात लावून पाहिला. गरम होता, ताप आल्यासारखा.

पेटी घेऊन खांबाशी गेले. खांबाला दोनशे एक. गाडीत एकशे चौऱ्याहत्तर. मधले सत्तावीस व्होल्ट ह्यांच्या निरोपाच्या केबलनं खाल्ले होते. लांब, बारीक, वर गुंडाळलेली. गुंडाळलेल्या केबलवर हीटर चालवू नका, वितळेल, आग लागेल, हे ह्यांनी किती लोकांना खिडकीतून सांगितलं असेल!

प्लग काढला. भावाची आखूड केबल लावली. सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला. गाडीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

"अहो, जेवायचं ना?"

"हं."

१३ मार्च

हं. हं. हं.

सलूनवाला दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा मीच दारातून परत पाठवला.

त्या ड्रमवरचं "साहेब, येत जा" वाचलं आणि वाईट वाटलं. चूक दाखवायला चौतीस वर्षं कुणी नव्हतं, आणि दाखवली ती मी.

१४ मार्च

सकाळी जाग आली तर खुर्ची रिकामी. ड्रमही नाही. तशीच निघाले, गाऊनवर शाल घेऊन.

ऑफिसच्या पायरीवर हे उभे. हातात ड्रम. दार उघडं, मॅनेजरबाई आत नाश्ता करत होत्या, बाहेरच्या नळावर आमच्या रांगेतले लोक बादल्या घेऊन. मी कोपऱ्यावर थांबले. ह्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला:

"त्या दिवशी मी तुमच्यावर चढलो. चूक माझी होती. केबल माझी, वेटोळं माझं. सगळ्यांसमोर बोललो होतो, तर सगळ्यांसमोर माफी मागतो."

चौतीस वर्षांत "चूक माझी" हे शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ना खिडकीत, ना घरात. लग्नात चुकीच्या हॉलवर वरात नेली होती, तेव्हाही चूक हॉलची होती!

मॅनेजरबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. डाव्या बाजूकडे, मग उजव्या. म्हणाल्या, "काका, माफी राहू द्या. आधी ते डोकं पूर्ण करून घ्या, लोक मला विचारतात." आणि हसायला लागल्या. हेही हसले. मग हे म्हणाले, "पण बाई, थोडी चूक तुमचीही आहे. माझे सत्तावीस सोडले तरी तुमच्या खांबाला सव्वासातला दोनशे एक. सांगू का कुठे घोडं अडलंय?"

त्यांनी ह्यांना खुर्ची दिली आणि चहा दिला. मी गाऊनवर आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

१६ मार्च

कारण सापडलं! ह्यांनी मला दोनदा समजावलं, आता मी कुणालाही सांगू शकते. कॅम्पला वीज तीन तारांनी येते. भार तिन्हींवर सारखा वाटायला हवा. कुणा अर्धवटानं मागची अख्खी रांग, नऊच्या नऊ गाड्या, एकाच तारेवर टांगली आहे. दुसरीवर ऑफिसचा पंखा आणि बाईंचा रेडिओ. तिसरी रिकामी बसली आहे. संध्याकाळी सगळे एकदम केटल्या लावतात आणि एकाच तारेचं कंबरडं मोडतं.

हे स्वतः कॅम्पच्या मुख्य पेटीला हात लावणार नाहीत. "परवाना इथल्या वायरमनचा. मी फक्त बोट दाखवणार." उद्या तो वायरमन येतोय.

रात्रीच्या जेवणाला मी बटाटे जाळले. ह्यांनी चवीनं खाल्ले आणि बोलत राहिले. सगळं ऐकलं नाही मी. नुसता आवाज ऐकत होते.

१७ मार्च

वायरमन ह्यांच्या निम्म्या वयाचा. आधी आखडला. "काका, ही लाइन मीच टाकली आहे." मला वाटलं झालं आता! पण हे काय म्हणाले? "मीही अशी टाकली असती, घाई असती तर." मग दोघं मुख्य पेटीपुढे मांडी घालून बसले आणि दुपारी एकाच डब्यातून जेवले. तीन तारांवर तीन-तीन गाड्या.

सव्वासातला अख्खी रांग बाहेर. मॅनेजरबाईंनी शिट्टी वाजवली. नऊ केटल्या एकदम लागल्या! सगळे आपापल्या खिडकीत घड्याळ धरून. सलूनवाल्याची बायको ओरडली, "उकळलं!" मग तिकडून, मग इकडून. आमची पाच मिनिटं. पेटीवर दोनशे सव्वीस, आणि हलेना!

मग खुर्ची मांडली, सगळ्यांनी गोल केला, आणि सलूनवाल्यानं त्या खणखणीत वाजणाऱ्या मशीननं ह्यांचं उरलेलं डोकं पूर्ण केलं. टाळ्या पडल्या. हे लाजले. मला नवरी मुलगी बघायला आल्यासारखं वाटत होतं.

किती दिवसांनी मी एवढी खूश आहे! कारण शोधायचं नाही. आहे, बस्स.

१८ मार्च

लेकीचा फोन. आधी हेच बोलले, चाळीस मिनिटं. मग ती मला म्हणाली, "आई, बाबा कधी थांबतात?" मी म्हटलं, "चोवीसचं काय करायचं?" ती हसली. मग म्हणाली, "घरी आल्यावर बघू. बाबा मला ओरडले, माहितीये? माझ्या इस्त्रीच्या वायरीवरून." आणि आमच्या दोघींच्याही डोळ्यांत पाणी.

२० मार्च

सगळं सुरळीत आहे. दोनशे सव्वीस, दोनशे अठ्ठावीस. फ्रिज कण्हत नाही. रांगेत कुणाची तक्रार नाही.

हे सकाळपासून खिडकीजवळ बसले आहेत.

चहा दिला तर "हं" म्हणाले. एकदाच. पण म्हणाले.

उद्या परतायचं. घरी गेल्यावर काय? तिथे सगळं नीट चालू आहे, पंखासुद्धा. मी भांडी घासता घासता हाच विचार करत होते. यादीतली तीन नावं उरली आहेत, पण दिवस संपले, आणि भावाला गाडी परत द्यायची आहे. त्याला विचारायची हिंमत होत नाही. ह्यांना विचारायची तर त्याहून नाही. काय सांगू – का जायचं म्हणून?

२१ मार्च

गोळी घ्यायला पर्स उघडली. डबीखाली यादी होती, पण घडी माझी नव्हती.

कॅम्पची नावं, आणि प्रत्येकापुढे तिथे राहून गेलेल्या लोकांची गाऱ्हाणी, मी इंटरनेटवरून शोधून शोधून उतरवलेली. क्र. १ – फ्रिज चालत नाही. क्र. २ – केटलीला सात मिनिटं. क्र. ३ – प्लग लावला की अख्खी रांग अंधारात. असे पाच. मुद्दाम निवडलेले.

क्र. १ पुढे लाल पेनानं, तक्रार खिडकीतल्या त्या अक्षरात: "तपासले." क्र. २ पुढे: "तपासले. निवारण केले." आणि तळाशी:

"चार तारखेलाच सापडली. चष्मा शोधत होतो. तुझ्या भावाशी सकाळी बोललो, गाडी अजून महिनाभर आपली. क्र. ३ कडे कधी निघायचं?"

बाहेर पाहिलं तर हे भावाची आखूड केबल गुंडाळत होते. मी चपला घातल्या आणि दुसरं टोक धरायला गेले.